हिवाळ्यात चिखल, एप्रिलमध्ये दगडी रस्ते: एकाच सायकलपटूला दोन्ही कसं जमतं?

प्रश्न असा आहे: वाउट व्हान आर्ट, माथ्यू व्हान डर पूल हे सायकलपटू डिसेंबर-जानेवारीत बेल्जियमच्या चिखलात सायक्लो-क्रॉस (चिखल, वाळू, अडथळ्यांतून तासाभराची सायकल रेस; थोडक्यात क्रॉस) खेळतात आणि मार्च-एप्रिलमध्ये अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या रोड रेस जिंकतात. एकाच शरीराला हे दोन्ही कसं झेपतं? सायकल आणि टायरमध्ये काय फरक असतो? अशी कारकीर्द फसते कुठे? विचारणारे आइंडहोवनला राहतात आणि येत्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या होगरहाइडेची क्रॉस रेस बघायला जाणार आहेत. तिथे काय बघावं, तेही शेवटी लिहितो.

आधी थोडक्यात सांगतो. क्रॉसमुळे हात, डोळे आणि एका मिनिटाची ताकद तयार होते. पाचव्या तासाची ताकद क्रॉस देत नाही. ती वेगळी कमवावी लागते, आणि त्यासाठी लागणारे आठवडे क्रॉसच्याच मोसमातून कापून काढावे लागतात. किती आठवडे कापायचे आणि कधी, या हिशेबावर दोन्हीकडची कारकीर्द उभी राहते किंवा कोसळते.

व्हान आर्टचं उदाहरण घेऊ, कारण त्याच्या बाबतीत एकच रेस तीन वर्षं मोजपट्टीसारखी लावून बघता येते. २०१६ ला हॉस्डेन-झोल्डर, २०१७ ला बिएल्स आणि २०१८ ला व्हाल्केनबर्ग असा तो सलग तीनदा सायक्लो-क्रॉसचा जगज्जेता झाला. तिसरं विजेतेपद ४ फेब्रुवारी २०१८ चं. त्यानंतर २७ दिवसांनी, ३ मार्चला, तो इटलीत स्त्रादे बियांके या रोड रेसच्या स्टार्ट लाइनवर होता. १८४ किलोमीटर, त्यातले साठहून अधिक पांढऱ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांचे, आणि त्या दिवशी पाऊस. चिखल म्हणजे त्याच्या घरचं अंगण. रोमां बार्देबरोबर तो बराच वेळ सगळ्यांच्या पुढे होता. मग तीश बेनोटनं दोघांना गाठलं आणि मागे टाकलं. सिएना गावात शिरताना सान्ता कातेरिना नावाच्या अरुंद गल्लीत शेवटचा चढ लागतो, सर्वांत तीव्र जागी १६ टक्क्यांचा. तिथे व्हान आर्टच्या पायात गोळे आले, सायकल जागच्या जागी थांबली आणि तो आडवा झाला. उठला, सायकल ढकलली, पुन्हा बसला आणि तिसरा आला.

त्या दिवशी घसरड्या मातीवर सायकल हाताळण्यात त्याच्याइतकं सरस फार कुणी नव्हतं. कमी पडले ते पाय. साडेतीन-चार महिने दर रविवारी एक तास जिवाच्या आकांतानं काम करायची सवय लागलेल्या स्नायूंना पाच तासांनंतर तोच जोर लावायला सांगितला, तर ते असंच करतात. २०१९ ला तो पुन्हा तिसरा आला, पण या वेळी शेवटपर्यंत पायांवर उभा होता. त्याच वर्षी १९ जुलैला टूर द फ्रान्सच्या पो इथल्या टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाविरुद्धची रेस) तो कठड्याच्या जाळीला अडकून पडला आणि मांडीला खोल जखम झाली. क्रॉसमध्ये परतला तो थेट २७ डिसेंबरला, लूनहाउटला, आणि पाचवा आला. त्या हिवाळ्यात मोजक्याच क्रॉस झाल्या. मार्चमध्ये महामारीनं सगळ्या रेस बंद पाडल्या. मग १ ऑगस्ट २०२० ला, कडक उन्हाळ्यात, त्यानं स्त्रादे बियांके जिंकली, आणि आठवड्यानं ३०५ किलोमीटरची मिलान-सान रेमो जुलियां अलाफिलिपला स्प्रिंटमध्ये हरवून जिंकली. दुखापत आणि महामारीनं त्याच्याकडून जे सक्तीनं करवून घेतलं, तेच आज दोन्ही खेळणारे आघाडीचे सायकलपटू ठरवून करतात: क्रॉस मोजक्या, लांब पल्ला भरपूर.

आता क्रॉस म्हणजे नेमकं काय, ते. पुरुषांची एलिट, म्हणजे सर्वोच्च गटाची, रेस साधारण एक तासाची, ज्युनिअरची ४० मिनिटांची. फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची, वाट कमीत कमी तीन मीटर रुंद. गवत, चिखल, वाळू, जिने आणि ४० सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या दोन फळ्या. टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. सुरुवातीला एका रांगेत आठ जण, आणि रांग ठरते रँकिंगवरून. म्हणून डिसेंबरात उशिरा उतरणारे रोडचे मोठे खेळाडू कधी तिसऱ्या-चौथ्या रांगेतही दिसतात. पहिल्या वळणापर्यंतचे वीस-तीस सेकंद म्हणजे निव्वळ स्प्रिंट. तिथे मागे पडलात तर पुढच्या अरुंद वाटेत कुणाच्या तरी घसरण्यामागे अडकून पडता. त्यानंतर तासभर नाडी खाली यायला वेळच नसतो. वळण, ब्रेक, पुन्हा शून्यातून जोर, पुन्हा वळण. एका तासात असे शेकडो झटके बसतात.

हे झटकेच रोडवर कामाला येतात. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातला कोपेनबर्ग चढ घ्या. सहाशे मीटर लांब, २२ टक्क्यांपर्यंत तीव्र, दगडी फरसबंदीचा. दर वर्षी १ नोव्हेंबरला याच टेकडीवर क्रॉसची रेस होते आणि वसंतात टूर ऑफ फ्लँडर्स ही रोड रेस याच चढावरून जाते. ३१ मार्च २०२४ ला पावसानं दगड ओले झाले होते. व्हान डर पूल इथून एकटा पुढे निघून गेला आणि मागे चांगले नावाजलेले गडी सायकलवरून उतरून चालत होते. अशा चढावर होतं काय, की घाबरलेला माणूस सीटवरून उठतो. उठला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि ओल्या दगडावर गरगर फिरतं. एकदा फिरलं की वेग शून्य, आणि २२ टक्क्यांच्या चढावर शून्यातून सुरुवात करता येत नाही. क्रॉसवाला सीटच्या नाकावर बसून राहतो, कोपरं खाली घेतो, गिअर आधीच हलका करून ठेवतो आणि पॅडल गोल फिरवतो, दाबत नाही. हे फ्लँडर्समधली मुलं चौदाव्या-पंधराव्या वर्षी ओल्या गवताच्या बांधावर शिकतात. तिशीत शिकवून ते अंगात मुरत नाही, हे माझं ठाम मत.

उतरण्या-चढण्याची रीतही बारकाईनं बघण्यासारखी असते. फळ्यांच्या आठ-दहा मीटर आधी गिअर बदलून घ्यायचा, कारण पलीकडे वेग कमी असणार. उजवा पाय पॅडलमधून सोडून सीटच्या मागून डाव्या बाजूला आणायचा. आता सगळं वजन डाव्या पॅडलवर, उजवा हात दांडीवर, डावा हात हँडलवर. शेवटच्या क्षणी डावा पाय सोडायचा, उजवं पाऊल आधी जमिनीवर, आणि त्याच ओघात सायकल उचलायची. डावा पाय उशिरा सुटला तर माणूस सायकलसकट फळीवर पडतो. म्हणून पॅडलच्या स्प्रिंगचा ताण रोडपेक्षा कमी ठेवतात आणि फेरीआड क्लीटमधला (बुटाच्या तळाचा, पॅडलमध्ये अडकणारा भाग) चिखल बूट आपटून काढतात. पुन्हा बसताना उंच उडी मारायची नसते. उजव्या मांडीची आतली बाजू सीटवर टेकवून आत सरकायचं. नवखे सीटवर आदळतात. त्यात वेग मरतो, कमरेला हिसका बसतो आणि कधी कधी सीटचा क्लँप सरकून तिचं नाक आभाळाकडे होतं. मग उरलेली रेस तशीच काढायची, नाहीतर पिट (सायकल बदलायची ठरलेली जागा) गाठायचा. आधीच्या पिढीतल्या स्वेन नैससारखे थोडे जण फळ्यांवरून सायकल न उतरता उडवत असत. व्हान डर पूलच्या काळात आघाडीच्या पुरुषांमध्ये ते सर्रास झालं. त्यानं फळीमागे एखादा सेकंद वाचतो. पण मागचं चाक फळीच्या कडेला लागलं तर टायर रिमवर चेपून फुटतो, आणि दमलेल्या पायांनी पाचव्या-सहाव्या फेरीत उडी कमी पडते. दमल्यावर पळत जाणं शहाणपणाचं.

वाळूत नियम उलटे. कॉक्सैदेच्या टेकड्यांमध्ये किंवा झोनहोवनच्या वाळूच्या खड्ड्यात शिरण्याआधी वेग लागतो, आत गेल्यावर तो वाढवता येत नाही. गिअर जड, वजन मागे, हात सैल, नजर दहा मीटर पुढे. आधीच्या चाकांनी पाडलेल्या घळीतच पुढचं चाक ठेवायचं आणि तिथून बाहेर काढायचा प्रयत्न करायचा नाही. ब्रेकला हात लावला की पुढचं चाक रुतलं. वेग पायी चालण्याइतका झाला की तत्काळ उतरून पळायचं. उगाच दोन पॅडल जास्त मारणारा दहा मीटर गमावतो.

टायरवर जास्त लिहितो, कारण क्रॉसच्या रेस बहुतेक इथे जिंकल्या-हरल्या जातात. आघाडीचे बहुतेक जण अजून ट्युब्युलरच वापरतात, म्हणजे सुती किंवा रेशमी कापडाचा शिवलेला टायर, गोंदानं रिमला चिकटवलेला. कारण दाब. कोरड्या गवतावर सत्तर किलोचा माणूस दीड-पावणेदोन बार भरतो, चिखलात १.३ च्या आसपास, खोल वाळूत १.१ पर्यंतही उतरतो. आपल्याकडच्या पंपांवरच्या आकड्यांत सांगायचं तर १६ ते २५ पीएसआय. रोजच्या सायकलमध्ये इतकी कमी हवा असेल तर आपण पंक्चरवाल्याकडे नेऊ. एवढ्या कमी दाबावर ट्युबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर वळणात कडेनं हवा सोडू शकतो. आत ट्यूब असलेला साधा टायर रिमवर चेपून ट्यूबला सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. ट्युब्युलर सपाट झाला तरी गोंदामुळे रिमवर राहतो आणि पिटपर्यंत सायकल चालवता येते. बारच्या दहाव्या भागावरून भांडणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत: १.४ आणि १.३ मध्ये तिरक्या उतारावर टायर धरतो की सुटतो एवढा फरक असतो. जास्त उतरवला तर मुळांवर, जिन्याच्या कडेवर रिम आपटते. म्हणून सराव फेरीत हवा थोडी जास्त ठेवून सुरुवात करायची. रिम जमिनीला दोन-तीनदा हलकी टेकेपर्यंत ती थोडी थोडी काढायची, मग किंचित परत भरायची.

नक्षीचे तीन प्रकार पुरतात. वाळू आणि कोरड्या गवताला कानशीसारखा बारीक पृष्ठभाग, ओलसर मातीला मधली नक्षी, आणि खऱ्या चिखलाला उंच, दूर दूर बसवलेली टोकं. टोकं जवळ असली की मधे माती भरते आणि तीन वळणांत टायर गुळगुळीत होतो.

गोंद लावणं हे मेकॅनिकचं हिवाळ्यातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत जबाबदारीचं काम. टायर आधी कोऱ्या रिमवर ताणून दिवसभर ठेवायचा. मग रिमवर पातळ दोन थर, टायरच्या खालच्या पट्टीवर दोन थर, प्रत्येक थर चोवीस तास सुकू द्यायचा. वरून क्रॉससाठीची कापडी चिकटपट्टी, तिच्यावर शेवटचा ओला थर, आणि मग व्हॉल्व्हपासून सुरुवात करून दोन्ही हातांनी खाली ओढत टायर चढवायचा. थोडी हवा भरून टायर सरळ बसलाय का बघायचं, मग हवा वाढवून पुन्हा एक दिवस ठेवायचं. शेवटी दोन्ही अंगठ्यांनी टायर बाजूला ढकलून बघायचा. रिमच्या कडेशी फट दिसली तर सगळं पहिल्यापासून. घाईत जाड एकच थर दिला की तो वरून सुकतो, आत ओला राहतो, आणि तिरक्या उतारावर टायर रिमवरून सोलून निघतो. दुसरी चूक पिटमध्ये होते: धुण्याच्या मशिनचा फवारा थेट रिमच्या कडेवर मारायचा. पाणी गोंदात शिरतं आणि सुती कडा कुजतात. कडांना लाटेक्सचा (रबराच्या चिकाचा) हात द्यायचा आणि फवारा वरून मारायचा.

चांगल्या टायरनंही दगा दिलेला दिसतो. ३१ जानेवारी २०२१ ला ओस्टेंडच्या जागतिक स्पर्धेत, समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत, व्हान आर्ट पुढे होता. त्याला पंक्चर झालं आणि व्हान डर पूल जिंकला. इथे पिटचा नियम समजून घ्या. सायकल किंवा चाक फक्त पिटमध्येच बदलता येतं. पिट ओलांडून दहा मीटर पुढे पंक्चर झालं तर परत फिरता येत नाही, पुढच्या पिटपर्यंत तसंच रडतखडत जायचं. वाट अशी आखतात की फेरीत दोनदा पिटजवळून जाता येतं. चिखलाच्या दिवशी दर अर्ध्या फेरीला सायकल बदलतात, म्हणजे मेकॅनिकच्या हातात साडेतीन-चार मिनिटं. तेवढ्यात सायकल धुणं, डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) चाकांतलं गवत उपसणं, चेनला तेल, गिअर तपासणं आणि सायकल घेऊन पुन्हा जागेवर उभं राहणं. आठ किलोच्या सायकलवर दोन-तीन किलो माती सहज बसते, आणि ती खांद्यावर घेऊन जिना चढायचा असतो. म्हणून खेळाडूमागे तीन-चार सायकली आणि चाकांचा ढीग.

आता मूळ हिशेब, कॅलेंडरचा. निव्वळ क्रॉसवर जगणारा सप्टेंबर ते फेब्रुवारी तीसेक रेस करतो. त्याचं पोट आयोजक प्रत्येक रेसला देतात त्या हजेरीच्या पैशांवर आणि टीमच्या पगारावर चालतं, आणि प्रेक्षक तिकीट काढून येतात म्हणून ते पैसे येतात. ख्रिसमसच्या आठवड्यात तो जवळजवळ रोज रेस करतो. रोडवर मोठं व्हायचं असेल तर हे परवडत नाही. व्हान डर पूलचा २०२४-२५ चा हिवाळा बघा. २२ डिसेंबरला झोनहोवन, २३ ला मोल, २६ ला गावेरे, २७ ला लूनहाउट, २९ ला बेझाँसाँ. मग २५ जानेवारीपर्यंत एकही रेस नाही. लूनहाउटला पडून बरगड्यांना मार लागला होता, हेही त्याचं एक कारण. पण जानेवारीत स्पेनच्या उबेत लांब सराव हे त्याचं नेहमीचं वेळापत्रकच आहे. २५ ला मास्मेखेलन, २६ ला होगरहाइडे आणि २ फेब्रुवारीला लिएव्हँची जागतिक स्पर्धा. आठ रेस, आठ विजय आणि एलिटचं सातवं जगज्जेतेपद. त्याआधी सात जगज्जेतेपदं फक्त एरिक डी व्लामिंकच्या नावावर होती. त्यानंतर रोडवर ४ मार्चला ल सामँ, २२ मार्चला मिलान-सान रेमो, १३ एप्रिलला दगडी रस्त्यांवरची सलग तिसरी पॅरिस-रूबे: तिन्ही जिंकल्या. त्या आठ रेसइतकंच मोल मधल्या जानेवारीच्या रिकाम्या जागेला आहे.

त्या रिकाम्या जागेत काय भरतात? आठवड्याला पंचवीस-तीस तास. क्रॉसच्या आठवड्यात ते जेमतेम पंधरा-अठरा असतात. पाच ते सहा तासांच्या दोन-तीन सलग राइड, शेवटच्या तासात चढावर पंधरा-वीस मिनिटांचे दोन जोर, तेही पाय रिकामे झाल्यावर. ताजेपणी मारलेले आकडे सुंदर दिसतात, पण सहाव्या तासात काय उरतं त्यावरच रूबे जिंकली जाते. क्रॉस चालू असताना मंगळवारी-गुरुवारी चार-पाच तास सावकाश, बुधवारी दीड तास तंत्र आणि अर्धा तास पळणं, शुक्रवारी हलकं, शनिवार-रविवारी रेस. रेसनंतर कपडे बदलून आणखी तास-दीड तास रोडवर सायकल चालवणारेही आहेत, आणि एका तासाची रेस म्हणजे दिवसाचं काम झालं असं न मानणं ही सवय चांगली आहे. पळणं मात्र जागतिक स्पर्धेनंतर बंद. पोटऱ्या आणि टाचेच्या शिरा आखडलेल्या ठेवून मार्चमध्ये शिरलात तर गुडघा बोलायला लागतो.

पोटाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. क्रॉसच्या सायकलवर बाटली नसते. तीन तास आधी भात किंवा पास्ता, सुरुवातीआधी पंधरा मिनिटं एक जेल, झालं. तासाभराला तेवढं पुरतं. रोडवर मात्र सहा तास, ताशी ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं लागतात. चार महिने रेसमध्ये काही न खाल्लेल्यांच्या आतड्यांना मार्चमध्ये एकदम एवढं पचत नाही. उलटी होते किंवा पोट फुगतं, मग खाणं कमी होतं, आणि दोनशे किलोमीटरनंतर पाय रिकामे. म्हणून जानेवारीच्या लांब राइडमध्ये ताशी ६० ग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला १०-१५ ग्रॅम वाढवत न्यायचं. हे इंटरव्हलइतकंच (जोर आणि विश्रांती आलटून-पालटून करायचा सराव) गंभीर प्रशिक्षण आहे.

दुखापतीत कंबर पहिली. खांद्यावर सायकल घेऊन पळणं, वाकून जड गिअर ओढणं, आणि दोन सायकलींच्या बसण्यातला फरक. क्रॉसची सीट काही मिलिमीटर खाली आणि हँडल थोडं वर असतं. अदलाबदल करताना मापं लिहून ठेवली नाहीत तर पाठ ते मिलिमीटर मोजते. व्हान डर पूलनं २०२१ च्या डिसेंबरअखेर दोन क्रॉस केल्या आणि पाठीमुळे हिवाळाच सोडला. जागतिक स्पर्धाही सोडली. परतला तो १९ मार्च २०२२ ला मिलान-सान रेमोत, तिसरा आला, आणि ३ एप्रिलला टूर ऑफ फ्लँडर्स जिंकला. दुखणं घेऊन फेब्रुवारी रेटला असता तर हे झालं नसतं. त्याच हिवाळ्यात व्हान आर्टनं अमेरिकेतली जागतिक स्पर्धा मुद्दाम सोडली आणि २६ फेब्रुवारीला ओम्लूप हेट निउस्ब्लाड ही रोड रेस जिंकली. जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी सोडणं बेल्जियन माणसाला किती जड जातं, हे तिकडचे लोकच जाणतात. तरी तो निर्णय बरोबर होता असं मी म्हणेन.

करारातही हेच दिसतं. रोडच्या टीमनं पगार द्यायचा आणि खेळाडूनं क्रॉसमध्ये हात मोडून घ्यायचा, हे कुणाला आवडणार? म्हणून किती क्रॉस, कोणत्या तारखांना, कुणाच्या सायकलवर, हे आधी लिहून घेणं शहाणपणाचं. व्हान आर्टनं २०१८ च्या सप्टेंबरात जुना करार मधेच मोडला, एक हिवाळा मोठ्या टीमशिवाय काढला आणि १ मार्च २०१९ ला युंबो-व्हिस्मा या रोडच्या टीममध्ये गेला. प्रकरण पुढे न्यायालयात लढलं गेलं. एकविशीत सही करणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी ही फाइल वाचावी. व्हान डर पूलची वाट वेगळी होती. रूडहूफ्त बंधूंची मुळातली क्रॉसची टीमच त्याच्याबरोबर वाढत रोडची मोठी टीम झाली, त्यामुळे हिवाळ्यावरून ओढाताण झाली नाही.

हे नवं नाही. १९५० मधला पहिला क्रॉस जगज्जेता जाँ रोबीक हा १९४७ चा टूर द फ्रान्स विजेता होता. रोजे डी व्लामिंकनं चार वेळा पॅरिस-रूबे जिंकली आणि १९७५ ला क्रॉसचं जगज्जेतेपदही. महिलांमध्ये मारियाने व्होस क्रॉसची आठ वेळा जगज्जेती आणि २०१२ ची ऑलिंपिक रोड विजेती. पोलिन फेराँ-प्रेव्हो २०१५ ला क्रॉसची जगज्जेती होती, आणि २०२५ ला तिनं महिलांची पॅरिस-रूबे आणि टूर दोन्ही जिंकल्या.

आता होगरहाइडे. रेसला आद्री व्हान डर पूलचं नाव आहे, म्हणजे माथ्यूच्या वडिलांचं. ते स्वतः १९८६ चे टूर ऑफ फ्लँडर्स विजेते आणि १९९६ चे क्रॉस जगज्जेते. गमबूट घाला आणि सकाळच्या सराव फेऱ्यांना पोहोचा. एखाद्या तिरक्या उतारावर उभं राहून बघा, कोण कोणत्या रेषेनं जातो आणि थांबून अंगठ्यानं हवा कोण काढतो. रेस सुरू झाली की पहिल्या दोन फेऱ्या पिटसमोर उभे राहा. सायकल देणारा मेकॅनिक आणि घेणारा मेकॅनिक वेगळे असतात. खेळाडू जुनी सायकल सोडतो आणि दोन पावलांत नवी धरतो, ते बघा. तिसऱ्या फेरीपासून फळ्यांकडे चला आणि हातातल्या घड्याळावर पहिल्या आणि पाचव्या माणसातलं अंतर दर फेरीला मोजा. उडी मारणारा कोणत्या फेरीपासून उतरून पळायला लागतो ते टिपून ठेवा. तोच खेळाडू एप्रिलमध्ये टीव्हीवर दोनशे किलोमीटरनंतर दिसेल, तेव्हा ती फेरी आठवा.